किरमिजीचा किडा कुठला?
किरमिजी, म्हणजे जांभळट झाकेच्या गडद लाल रंगावरचा तुमचा लेख आवडला, पण किरमिजी हा शब्द फारसीतून आला एवढं सांगून तुम्ही थांबलात ते जरा अपुरं वाटलं. फारसीत किर्म म्हणजे किडा आणि आपल्याकडं कृमी, हे दोन्ही एकाच मुळातले, सख्खे भाऊच म्हणा ना, मग त्याला सरळ परका शब्द कसं म्हणायचं? अरबीत किर्मिझ झालं, तिथून युरोपात गेलं आणि इंग्रजीतले क्रिमसन नि कार्माइन हे लाल रंगांचे शब्द दोन्ही तिथूनच निघाले. भूमध्य समुद्राकडच्या ओकच्या झाडांवर बसणाऱ्या किड्यांच्या माद्या गोळा करून, वाळवून, कुटून हा रंग काढायचे, आणि १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतला निवडुंगावरचा कोचिनील किडा आणला तेव्हा जुना रंग मागं पडला, कारण नव्यात रंग कितीतरी जास्त निघायचा. आपली लाखसुद्धा किड्याचीच की!

मी सोलापूरचा, घरात माग होते, त्यामुळं हे वाचून राहवलं नाही. आता दुकानात साडीचा काठ उलटून दाखवतात, आत गडद लाल धागा, त्यात जांभळट झाक, अगदी किरमिजी, पण सगळे मरूनच म्हणतात. मरून तर फ्रेंच चेस्टनटवरून आलेला, त्यात तपकिरी जास्त. दोन्ही रंग शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळतो. पुढच्या लेखात मंजिष्ठेच्या लालवर पण लिहा प्लीज, तो त्या वेलीच्या मुळांपासून निघतो आणि त्याची छटा वेगळीच असते.