शॉर्ट बेड आणि फिफ्थ व्हील: अर्धं खरं
अमेरिकेत फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या बेडमधल्या (मागच्या हौद्यातल्या) हिचला जोडायचा राहण्याजोगा आरव्ही ट्रेलर, ओढणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'साडेसहा फुटी बेडच्या पिकअपला स्लायडर हिच (मागे-पुढे सरकणारा हिच) लागतोच, नाहीतर केबिनची मागची काच फुटणार.' हे अर्धंच खरं आहे. ट्रेलर बहुधा ९६ ते १०२ इंच रुंद, म्हणजे काटकोनात वळताना त्याचा कोपरा किंगपिनपासून (ट्रेलरची हिचमध्ये अडकणारी पिन) निदान ४८ इंच पुढे येतो. अशा शॉर्ट (आखूड) बेडमध्ये हिचपासून केबिन त्याहून जवळ असते. पण ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले असतील तर साधा हिचही अनेकदा पुरतो. आधी टेप लावून मोजा! आणि हाताने सरकवायचा स्लायडर मागे घ्यायचा तो फक्त सावकाश वळवताना; हायवेवर तो पुढेच लॉक हवा.