मॅनेजर गेला, गिऱ्हाईक उरले

गेल्या महिन्यात आमच्या घरातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस एकच वाद चालला होता. गोव्यातल्या फोंड्याच्या विजेच्या उपकरणांच्या एका मोठ्या शोरूमचा मॅनेजर नोकरी सोडून गेला, एवढेच त्याचे निमित्त. दादाने लिहिले की चांगला माणूस गेला, आता तक्रार घेऊन कोणाकडे जायचे? आतेभावाने उलट लिहिले की बरे झाले, तो फक्त ओळखीच्यांची कामे करायचा. मी इंग्लंडमधल्या स्विंडन गावात राहतो. तिथे गोव्याची माणसे पुष्कळ असली तरी फोंड्याच्या दुकानातल्या घडामोडींवर मत मागायला कोणी येत नाही. तरीही हा वाद मला ओळखीचा वाटला, कारण याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या दुकानाच्या बाबतीत तो मी एकदा ऐकला होता.

दादाच्या आणि आतेभावाच्या मनात खरे तर एकच प्रसंग होता. काही वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी खतखते या मिश्र भाज्यांच्या पदार्थाचे वाटप काढताना आईचा मिक्सर बंद पडला. वॉरंटी होती, पण कंपनीचा माणूस चवथ आटोपल्याशिवाय येणार नव्हता. दादा मिक्सर पिशवीत घालून शोरूममध्ये गेला. बाहेर शटर अर्धे खाली आलेले होते. मॅनेजरने काचेच्या फळीवर नमुन्यासाठी मांडलेला मिक्सर उचलला, त्याच्या भांड्यावरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि "सण होऊन जाऊ दे, मग आणून द्या" म्हणत तो दादाच्या हातात दिला. ना सही, ना चिठ्ठीचपाटी. दादाच्या लेखी ही माणुसकी होती. आतेभाऊ त्याच आठवड्यात बंद पडलेला पंखा घेऊन त्याच दुकानात गेला होता आणि त्याला सर्व्हिस सेंटरचा नंबर लिहिलेला कागद तेवढा मिळाला. त्याच्या लेखी हा सरळसरळ वशिला होता. मला दोघांचेही पटते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आता त्या मोठ्या दुकानाबद्दल. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲपल कंपनीने जाहीर केले की तिच्या किरकोळ विक्रीच्या प्रमुख अँजेला अहरेंड्ट्स एप्रिलमध्ये कंपनी सोडणार आहेत. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाई २००६ पासून लंडनच्या बरबेरी या फॅशन कंपनीच्या मुख्याधिकारी होत्या आणि २०१४ च्या मे महिन्यात त्या ॲपलमध्ये गेल्या होत्या. जगभरातली ५०० हून अधिक दुकाने आणि त्यांतली सुमारे ७०,००० माणसे त्यांच्या हाताखाली होती. एवढ्या मोठ्या पदावरचा अधिकारी गेला की बातमी शेअर बाजारापुरती राहते, असा माझा समज होता. इथे मात्र साधी गिऱ्हाइके बोलू लागली. माझ्या कचेरीत, रेल्वेच्या डब्यात, गोव्याच्याच एका मित्राच्या घरी जेवताना मी जे ऐकले त्यातला बराचसा सूर "गेल्या एकदाच्या" असाच होता.

लोकांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्या फारशा अवघड नव्हत्या. दुकानात शिरल्यावर साधी चार्जरची वायर घ्यायची म्हटली तरी पैसे कोणाकडे द्यायचे हे कळत नाही, कारण गल्ला असा नाहीच. रंगीत टीशर्ट घातलेली मुले यंत्र हातात घेऊन फिरत असतात आणि त्यांतल्या एखाद्याची नजर आपल्यावर पडेपर्यंत ताटकळावे लागते. बिघडलेला फोन दाखवायचा तर आधी वेळ ठरवा, आणि ती वेळ चार-पाच दिवसांनंतरची. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त वस्तू फळ्यांवरून कमी झाल्या. २०१५ मध्ये दहा हजार डॉलरपासून पुढे किंमत असलेले सोन्याचे घड्याळ विकायला ठेवले, तेव्हाच जुन्या गिऱ्हाइकांनी नाके मुरडली होती. एकूण म्हणणे असे की बाईंनी दुकानाचे कपड्यांचे भारी दालन करून टाकले.

लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरचे दुकान २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नव्याने उघडले, त्यानंतर मी ते पाहून आलो. आत फायकसची झाडे मोठाल्या कुंड्यांत लावलेली आणि कुंड्यांभोवती बसायला गोल बाके. फायकस म्हणजे आपल्या वडा-पिंपळाचेच कूळ. दुकान म्हणजे गावचा चौक झाला पाहिजे, तिथे लोकांनी नुसते बसावे, फोटो काढायला शिकावे, गाणे ऐकावे, अशी बाईंची कल्पना होती. मला देवळापुढचा पार आठवला आणि हसू आले. पारावर माणूस काम नसताना बसतो. फोन बिघडलेला माणूस त्याच झाडाखाली बसला की त्याला ती सावली टोचू लागते.

पण या रागातला बराच भाग चुकीच्या दारात टाकलेला होता, असे मला तेव्हाही वाटत होते. दुरुस्तीच्या रांगा २०१८ मध्ये एवढ्या का वाढल्या? जुन्या आयफोनची बॅटरी थकली की फोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो, हे कंपनीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये कबूल केले, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर इथे ७९ पौंडांवरून २५ पौंडांवर आणला. साहजिकच जो तो बॅटरी बदलायला दुकानात. वेग कमी करण्याचा निर्णय दुकानांच्या प्रमुखाचा नव्हता आणि फोनच्या किमती हजार डॉलरच्या वर नेण्याचाही नव्हता. २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे मुख्याधिकारी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज ८४ अब्ज डॉलरपर्यंत खाली आणला. त्याची कारणे सांगताना चीनमधल्या मंदीबरोबर या स्वस्त बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. त्यानंतर महिन्याभराने बाईंच्या जाण्याची बातमी आली आणि लोकांनी दोन गोष्टी एका दोरीत ओवल्या. किमतीचे, बॅटरीचे, रांगेचे असे सगळे खापर जाणाऱ्याच्या डोक्यावर फोडले गेले. त्यात "फॅशनवाली बाई" हा शेरा वारंवार ऐकू येई, आणि तो मला आवडत नसे. तिच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या पुरुषाला कोणी "वॉशिंग मशीनवाला" म्हटलेले मी ऐकले नव्हते.

वास्तविक म्हणायला जागा होती. जॉन ब्रोवेट हे डिक्सन्स या इथल्या उपकरणे विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख. २०१२ च्या जानेवारीत ॲपलने त्यांची निवड जाहीर केली तेव्हा इथल्या गिऱ्हाइकांनी कपाळाला हात लावला होता. त्यांनी दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास कमी केले, ऑगस्टमध्ये कंपनीलाच ही चूक झाल्याचे कबूल करावे लागले आणि ऑक्टोबर संपण्याआधी त्यांना जावे लागले. सहा महिन्यांचा कारभार. इथे गिऱ्हाइकांचा कयास बरोबर निघाला, हे मान्य केलेच पाहिजे.

मग लोक हळहळतात ते कोणासाठी? नाव नेहमी एकच येते, रॉन जॉन्सन यांचे. मे २००१ मध्ये ॲपलची पहिली दोन दुकाने व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियात उघडली, त्यांची घडी त्यांनी बसवली. तुम्हाला सगळ्यांत चांगली सेवा कुठे मिळाली असे लोकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी हॉटेलचे नाव घेतले. म्हणून हॉटेलात जसा स्वागताचा टेबल असतो तसे बिघडलेल्या वस्तू दाखवण्याचे लांब टेबल दुकानात मांडले आणि त्याला जीनियस बार असे नाव दिले. विक्रीवर दलाली कोणाला नाही, त्यामुळे गळ्यात वस्तू मारण्याची घाई नाही. आणि टेबलापलीकडच्या मुलाला थोडी मुभा असे. वॉरंटी संपून आठवडा झाला असला तरी तुमची हकिगत ऐकून "या वेळी करून देतो" असे तो म्हणू शकत असे. तशी हकिगत सांगणारी माणसे मला इथे अनेक भेटली, आणि त्यांच्या सांगण्यात दादाच्या मिक्सरचाच सूर लागलेला असतो. जॉन्सन २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकेतल्या जुन्या दुकान-साखळीत गेले, तिथली सवलतीची कुपने त्यांनी बंद केली, गिऱ्हाईक निघून गेले आणि दीड वर्षाच्या आत त्यांनाही काढले. माणूस तोच होता. फक्त त्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला कुपन हवे होते.

म्हणून मला वाटते की २०१९ मध्ये लोक एका बाईवर रागावलेले नव्हते; टेबलापलीकडच्या त्या मुलाची मुभा गेली म्हणून रागावले होते. ५०० दुकानांत रोज येणाऱ्या माणसांना ठरलेली वेळ, ठरलेला क्रम आणि ठरलेले उत्तर द्यायचे म्हटले की मुभा आकसतेच. माझ्या आतेभावाला हेच हवे आहे: ज्याचा नंबर आधी त्याचे काम आधी, मग तो कोणाचा का भाऊ असेना. पंखा घेऊन गेलेल्या माणसाला वेळेची पद्धत न्याय्य वाटते, आणि मिक्सर घेऊन गेलेल्याला तीच कोरडी वाटते.

इथे राहून मी या कोरडेपणाची सवय करून घेतली आहे आणि त्याचा लाभही घेतला आहे. एका मोठ्या दुकानातून घेतलेले कपडे धुण्याचे यंत्र तीन आठवड्यांत गळू लागले. गल्ल्यावरचा मुलगा पडद्याकडे पाहत म्हणाला की दुरुस्तीसाठी उत्पादकाला फोन करा. मी त्याला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याची आठवण करून दिली. जबाबदारी विकणाऱ्याची असते आणि सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत करून सगळे पैसे मागता येतात. त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारले आणि पैसे परत केले. त्याचे नाव मला ठाऊक नाही, त्याच्या मॅनेजरचे तर नाहीच. तो मॅनेजर उद्या गेला तरी मला कळणार नाही आणि माझे काही अडणारही नाही. पण आईचा मिक्सर बंद पडल्याच्या संध्याकाळी हे दुकान काय करील, याचे उत्तरही मला माहीत आहे.

गोव्यात कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ती घरबसल्या ऑनलाइनही करता येते आणि १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. मी हे गटावर लिहिले तेव्हा दादाने हात जोडल्याचे चिन्ह टाकले. दोन हजारांच्या मिक्सरसाठी ग्राहक आयोगाकडे हेलपाटे कोण घालणार? त्याचे चुकते असे म्हणवत नाही. आपल्याकडे हक्क कागदावर आणि निवारण माणसाच्या स्वभावावर, त्यामुळे मॅनेजर गेला की घरातले कोणी गेल्यासारखी चर्चा होते. ॲपलची स्वतःची दुकाने २०२३ मध्ये मुंबई-दिल्लीत आणि २०२५ मध्ये बेंगळुरू-पुण्यात उघडली; गोव्यात ते दुकान नाही. तरीही फोंड्याच्या वरच्या बाजारात एका बोळकांड्यात बसणारा, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने फोन उघडणारा माणूस आमच्या गटातल्या प्रत्येकाला नावाने ठाऊक आहे. तो सुट्टीवर गेला की लोक तो येईपर्यंत फुटक्या काचेचा फोन वापरतात.

जाता जाता एक. अहरेंड्ट्स गेल्यावर डिअर्ड्रा ओब्रायन यांच्याकडे दुकानांचा कारभार आला. तीस वर्षे त्याच कंपनीत काढलेल्या आणि कर्मचाऱ्यांचे खाते सांभाळणाऱ्या. आता घरचा माणूस आला, सगळे ठीक होईल असे लोक म्हणू लागले. वर्षभरात, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे चीनबाहेरची सगळीच दुकाने बंद करावी लागली, त्यामुळे त्या आशेची परीक्षा राहूनच गेली. आज इथे कोणाला विचारले तर दुकानांचा प्रमुख कोण हे सांगता येणार नाही.

आमच्या शोरूममध्ये नवा मॅनेजर आला आहे. दादा परवा इस्त्री घेऊन गेला, तेव्हा त्याने अगदी नम्रपणे बिल मागितले. आई बिले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि जुन्या मॅनेजरने ती कधी मागितलीच नव्हती. दादाने डबा उघडून हवे ते बिल शोधले आणि त्याचा फोटो गटावर टाकला. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून गेली होती. वर दुकानाचे छापील नाव आणि खाली "पुन्हा अवश्य या" एवढेच वाचता येत होते.