पोर्टमन रोडवर रडलेल्या मुलाच्या बाबांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये सगळ्या स्तरांवरचे फुटबॉल क्लब जी बाद पद्धतीची स्पर्धा खेळतात त्या एफए कपमध्ये छोट्या क्लबांनी मोठ्यांना घरी पाठवलं त्या सामन्यांवर मी लिहिलं होतं. त्यात २७ जानेवारी २०२४ चा सामना होता : सहाव्या स्तरावरच्या मेडस्टोन युनायटेडने दुसऱ्या स्तरावरच्या इप्सविच टाऊनला त्यांच्याच मैदानावर, पोर्टमन रोडवर, २-१ हरवलं. तुम्ही तेव्हा नोकरीनिमित्त इप्सविचला होता आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तो सामना पाहायला गेला होता. तुमचे आक्षेप चार. इप्सविचने ३८ वेळा गोलवर फटके मारले, मेडस्टोनने दोन, आणि त्या दोन्हींचे गोल झाले. याला पराक्रम नाही, नशीब म्हणतात. पुढच्याच फेरीत मेडस्टोन कॉव्हेंट्रीकडून ५-० हरलं, मग हाती काय राहिलं? ‘इप्सविचवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती’ हे माझं वाक्य तुम्हाला लागलं, कारण त्या तोंडांत तुमच्या मुलाचं तोंड होतं आणि घरी जाईपर्यंत तो गाडीत रडत होता. आणि शेवटचा : कोल्हापुरात बसून तुम्हाला मेडस्टोनचं एवढं काय?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी चुकलो. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नुसता एक मोठा संघ होता, स्टँडमधली माणसं नव्हती. जी माणसं शनिवार राखून, तिकीट काढून, पोराच्या गळ्यात मफलर गुंडाळून मैदानावर येतात ती दोन्हीकडे सारखीच असतात, हे मला चांगलं माहीत असताना मी तसं लिहिलं. वाक्य काढून टाकलं आहे. तुमची आणि तुमच्या मुलाची मनापासून माफी मागतो.

पण नशिबाचा मुद्दा मला मान्य नाही.

३८ आणि दोन हे आकडे खरे आहेत. पण त्या ३८ फटक्यांसमोर कुणीतरी उभं होतं. गोलकीपर लुकास कोव्होलानने त्या दुपारी चेंडू किती आणि कसे अडवले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. त्याच्यापुढचे बचावपटू दीड तास चेंडूच्या आड अंग घालत होते. आणि मेडस्टोनचा पहिला गोल आठवा. मध्यंतराला दोनेक मिनिटं उरलेली, इप्सविचची माणसं पुढे चढलेली, आणि लमार रेनॉल्ड्स मोकळ्या मैदानातून एकटा धावत सुटला. समोर गोलकीपर पुढे आलेला. अशा वेळी भल्याभल्यांचा पाय थरथरतो. त्याने चेंडू अलगद गोलकीपरच्या डोक्यावरून उचलून जाळ्यात टाकला. दुसऱ्या डावात इप्सविचने बरोबरी साधली तेव्हा आता तीन-चार खाणार असंच वाटत होतं, आणि दहाच मिनिटांत सॅम कॉर्नने दुसरा मारला. दोन संधी, दोन गोल. पुन्हा तशी संधी मिळणार नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं तो ती कशी घेतो, ते त्या दोन गोलांत दिसतं.

आमच्याकडे खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एक पैलवान पंधरा मिनिटं दुसऱ्याला आखाडाभर ढकलत असतो, कब्जा त्याचा, जोर त्याचा. खालचा नुसता दम धरून असतो. आणि मग एका क्षणी वरच्याचा तोल एवढासा सुटतो, खालचा डाव टाकतो आणि वरच्याची पाठ मातीला लागते. कुस्ती झाली. पंधरा मिनिटं कोण वरचढ होता याचा हिशेब कुणी मांडत बसत नाही, कारण दम धरणं हाही कुस्तीचाच भाग असतो. वर्षभरात सगळ्यांत चांगला संघ कोणता, हे लीग सांगते, आणि ते लीगनेच सांगावं. यात तुमचं-माझं दुमत नाही. कप विचारतो ते एवढंच, की आज, या मैदानावर, कोण?

आता ५-० कडे येतो. हा तुमचा सगळ्यांत वजनदार मुद्दा, कारण तो बहुतेक वेळा खरा ठरतो. पाचव्या स्तरावरच्या सटन युनायटेडने १९८९ मध्ये कॉव्हेंट्रीला हरवलं. दोनच वर्षांपूर्वी कप जिंकलेला संघ तो, आणि विजयी गोल मारणारा मॅट हॅनलन गवंडीकाम करणारा. पुढच्या फेरीत नॉर्विचने सटनला आठ गोल घातले. पाचव्याच स्तरावरच्या लिंकन सिटीने २०१७ मध्ये बर्नलीला त्यांच्याच मैदानावर ८९व्या मिनिटाच्या हेडरने हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलकडून पाच खाल्ले. पण लिंकनचं तिथेच संपलं नाही. त्याच मोसमात ते आपली लीग जिंकून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक स्तरांत, परतले.

फुटबॉल लीगबाहेरच्या हेरफर्डचं उदाहरण याहून मोठं आहे. ५ फेब्रुवारी १९७२. मैदानात गवत कमी आणि चिखल जास्त, लोक झाडांवर आणि दिव्यांच्या खांबांवर चढून बसलेले. पहिल्या डिव्हिजनचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च स्तरावरचा न्यूकॅसल १-० ने पुढे, सामना संपायला काही मिनिटं उरलेली. रॉनी रॅडफर्ड, मैदानाबाहेर सुतारकाम करणारा माणूस, चिखलात टप्पा पडून जरासा वर उठलेल्या चेंडूवर तीस यार्डांवरून असा पाय फिरवतो की चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात. दोन्ही हात वर करून तो धावत सुटतो आणि पार्का (टोपीचे जाड कोट) घातलेली पोरं चारी बाजूंनी मैदानात ओतली जातात. जादा वेळेत रिकी जॉर्जने विजयी गोल मारला. त्यानंतर वेस्ट हॅमने त्यांना बाहेर काढलं, म्हणजे तुमच्या हिशेबाने हाती भोपळा. पण त्या काळी फुटबॉल लीगमध्ये कुणाला घ्यायचं हे बाकीचे क्लब मतं टाकून ठरवत. त्याच वर्षी हेरफर्डला मतं मिळाली आणि बॅरोच्या जागी ते लीगमध्ये गेले. त्या चिखलातल्या दुपारचा त्या मतांशी काहीच संबंध नव्हता, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

एक्सेटरचंही सांगतो, कारण तिथे तर विजयही नव्हता. २००५ च्या जानेवारीत फुटबॉल लीगच्या बाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला, चाहत्यांनीच वर्गणी काढून चालवायला घेतलेला एक्सेटर सिटी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-० बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवलेला सामना ते २-० हरले. पण त्या दोन सामन्यांच्या पैशांनी क्लबचं कर्ज फिटायला मोठा हात लागला, आणि क्लब आजही चाहत्यांच्याच मालकीचा आहे. म्हणूनच २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे हे फेरसामने बंद केले तेव्हा मला फार वाईट वाटलं. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक हलकं झालं, आणि त्याची किंमत छोट्यांनी मोजली.

मात्र सगळीकडे असं होत नाही, तेही सांगायला हवं. फ्रान्समधल्या कॅलेचा संघ चौथ्या स्तरावरून २००० साली फ्रेंच कपच्या अंतिम फेरीत पोहोचला, शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर नाँतकडून २-१ हरला. नाँतचा कप्तान लांद्रोने कॅलेच्या कप्तानाला बोलावून त्याच्याबरोबर कप उचलला. एवढं प्रेम मिळालेला तो क्लब २०१७ मध्ये दिवाळखोरीत बंद पडला. हेरफर्डचा तो जुना क्लबही २०१४ मध्ये असाच बुडाला. तिथल्या लोकांनी नवा क्लब काढला आणि त्याच मैदानावर खेळायला सुरुवात केली. एका विजयावर क्लब जगत नाही, हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो.

आणि इथेच मेडस्टोन येतं, म्हणून मी त्यांच्यावर लिहिलं. त्यांच्या जुन्या क्लबने १९८८ मध्ये आपलं मैदान विकलं, दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळत फुटबॉल लीग गाठली आणि १९९२ मध्ये पैसे संपून ते लीगमधून बाहेर पडले. मागे राहिलेल्या लोकांनी केंट परगण्याच्या लीगमध्ये पार तळापासून पुन्हा सुरुवात केली. आपल्या गावात स्वतःचं मैदान मिळायला २०१२ साल उजाडलं. चोवीस वर्षं! त्या मैदानावर कृत्रिम गवत आहे, आठवडाभर गावातली पोरं तिथे खेळतात आणि त्यावरही क्लबचा खर्च भागतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पात्रता फेऱ्यांपासून सुरुवात करून, एकेक फेरी जिंकत ते तुमच्या पोर्टमन रोडवर आले. त्यांचे चार हजारांहून जास्त लोक त्या दिवशी एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. त्यातले कितीतरी जण शेजारगावच्या मैदानावर भाड्याचा सामना बघायला जाणारे असतील. ते नाचले ते इप्सविच पडलं म्हणून, असं मला वाटत नाही. इप्सविचशी त्यांचं वैर तरी काय? ज्याला एकदा मेलेला म्हणून लोकांनी सोडून दिलं होतं त्या क्लबचं नाव देशभर घेतलं जात होतं, म्हणून ते नाचले. मी लेखात हे सोडून तोंडांबद्दल लिहिलं, हीच खंत आहे.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. इथे फुटबॉल पेठेचा असतो, तालमीचा असतो, हे तुम्ही ऐकून असाल. मी बारा वर्षांचा असताना शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बाद फेरीचा एक सामना बघितला. एका बाजूला पेठेतला नावाजलेला संघ, दुसरीकडे आमच्या गल्लीजवळचं छोटं मंडळ, ज्यांच्या पोरांच्या अंगावरचे शर्टही एका रंगाचे नव्हते. छोट्यांनी एक गोल मारला आणि तो शेवटपर्यंत टिकवला. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले एक काका बसले होते, त्याच मंडळाचे जुने खेळाडू. शिट्टी झाली, हलगी सुरू झाली, सगळी पोरं खाली पळाली. काका उठले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, तळव्याने ती कितीतरी वेळ सारखी करत राहिले, आणि मला म्हणाले, “जा रं, गुलाल मिळतोय का बघ.” पुढचा सामना ते मंडळ सडकून हरलं. पण काका जिवंत होते तोवर, स्टेडियमवर गेलं की मला कोपऱ्यातली ती जागा बोटाने दाखवायचे : “हितनं मारला बघ.” मेडस्टोनचे लोक त्या कोपऱ्यात उड्या मारताना दिसले तेव्हा मला काकांची टोपी आठवली. माझं मेडस्टोनशी नातं आहे ते एवढंच, पण माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

आता तुमच्या मुलासाठी एक गोष्ट. ६ मे १९७८, वेम्बली, एफए कपचा अंतिम सामना. समोर आर्सेनल. इप्सविच त्या मोसमात पहिल्या डिव्हिजनमध्ये अठराव्या क्रमांकावर राहिलेलं; ते जिंकतील असं फार थोड्यांना वाटत होतं. प्रशिक्षक बॉबी रॉबसनच्या त्या संघाने आर्सेनलला दिवसभर घोळवलं, तीनदा चेंडू खांबाला लागून परत आला, आणि ७७व्या मिनिटाला रॉजर ऑस्बॉर्नने डाव्या पायाने गोल मारला. हा तिथलाच, सफोकमधल्या एका खेड्यातला माणूस. गोल मारल्यावर मिठ्यांनी आणि आनंदाने तो इतका गळून गेला की त्याला बदलावंच लागलं. उरलेला सामना त्याने बाहेर बसून पाहिला. इप्सविचने एफए कप जिंकला तो तेवढाच. मेडस्टोनवाल्यांच्या वाट्याला जी एक दुपार आली, तशी एक इप्सविचकरांकडे १९७८ पासून आहे. त्या दिवशी कोपऱ्यात नाचणारी माणसं तुमच्या मुलाच्या आजोबांच्या वयाच्या कुठल्याही इप्सविचकराने लगेच ओळखली असती.

आणि तो मुलगा रडला त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ४ मे ला, इप्सविच बावीस वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतलं. तेव्हा तुम्ही दोघं पोर्टमन रोडवर होता का, ते प्रतिक्रियेत नाही. असाल तर त्या दिवशी तो काय म्हणाला ते ऐकायला आवडेल. काढलेल्या वाक्याच्या जागी मी लेखात ऑस्बॉर्नचा परिच्छेद घातला आहे. त्याला एकदा वाचून दाखवा, आणि इप्सविचबद्दल काही चुकलं असेल तर त्यालाच सांगू द्या, मी दुरुस्त करीन.