चोराची गैरसोय टाळण्यासाठी

चोरी हा व्यवसाय हल्ली किती जिकिरीचा झालाय याची तुम्हा-आम्हाला कल्पना नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला कार्डावर न छापलेल्या पासवर्डची किंवा गुप्त आकड्याची दुसरी खातरजमा सक्तीची केली आणि या धंद्याची रयाच गेली. परदेशातल्या कित्येक वेबसाइटांवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होत होती, तेव्हा आपल्याकडच्या होतकरू चोराला मात्र खातेदाराच्या सहकार्याशिवाय पान हलवता येईना. ते सहकार्य देणं हे आपलं काम. बहुतेकजण ते मनापासून करतातच, पण त्यात थोडी शिस्त आणता येईल.

पासवर्डचं फार डोकं चालवू नका. मुलीचं नाव, मग @, मग १२३. एक अक्षर मोठं हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, या बँकेच्या तिन्ही अटी त्यात बसतात, आणि मुलीचं नाव तुम्ही बारशापासून फेसबुकवर टाकत आला आहातच. काही महिन्यांनी बँक म्हणते, पासवर्ड बदला. १२३ चं १२४ करा. (उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगून टाकलंय. आपल्या कित्येक बँकांपर्यंत ही बातमी पोचायची आहे.) पासवर्ड कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवण्याची पद्धत चांगली, पण अपुरी. भिंतीवरचं कॅलेंडर नोएडात बसलेल्या चोराला दिसत नाही. त्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकावा.

बँकाही आपल्या परीने मदत करतात. लॉगिनच्या पानावर एक कीबोर्ड उगवतो, त्यातली अक्षरं कुणीतरी मुद्दाम विस्कटलेली असतात. लांबलचक पासवर्ड दुसरीकडे जपून ठेवला असेल तर तो इथे चिकटवता येत नाही, एकेक अक्षर हुडकून टिचकी मारावी लागते. मग कॅप्चा. त्यातलं शून्य आहे की ओ, हे ठरवेपर्यंत ‘आपलं सेशन संपलं आहे’. एवढी तटबंदी पार करून आत जायची उमेद फक्त खऱ्या खातेदारात असते. चोर तिकडे फिरकतच नाही. तो फोन करतो.

आणि फोन येईल तेव्हा आपली जीभ तयार हवी. त्यासाठी समाजाने उत्तम सोय करून ठेवली आहे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस जिन्यातूनच ओरडतो, “कोड सांगा!” रिक्षात बसलात, सांगा आकडा. पार्सल आलं, सांगा आकडा. अनोळखी माणसाने मागितला की मोबाइलवरचा नंबर मोठ्याने वाचून दाखवायचा, हा सराव दिवसभर चाललेला असतो. आणि मग बँक बजावते की ओटीपी कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे गॅसवाल्याला सांगायचा, रिक्षावाल्याला सांगायचा आणि फक्त ज्याने आदराने ‘सर’ म्हटलं त्यालाच नाही सांगायचा? हे आपल्या संस्कारात बसत नाही.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. मुलगा न्यू जर्सीत, त्याचं इथलं खातं मात्र जोडलेलं पुण्यातल्या बाबांच्या मोबाइलला, कारण रोमिंगवर मेसेज येईलच याचा भरवसा नाही. त्याच्या दुपारी आणि यांच्या मध्यरात्री फोन वाजतो. “बाबा, आला का?” “थांब, चष्मा घेतो. हां. चार, शून्य, सात, सात…” “सात दोनदा?” “दोनदा. आणि लवकर टाक, मागच्या वेळी वेळ संपली होती.” ही तालीम वर्षानुवर्षं झालेला माणूस चोराला कधीच ताटकळत ठेवत नाही.

फोन आला की सर्वप्रथम मराठी सोडावी. समोरच्याने ‘हॅलो सर’ म्हणताच आपण “हां हां, बोलिए ना” असं सुरू करावं. तो केवायसीचं नाव काढेल, रात्री साडेनऊला वीज कापली जाईल म्हणेल, नाहीतर तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचं सांगेल. कारण कुठलंही चालतं, घाई मात्र हवी. बँकांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत वगैरे तपशिलात जाऊ नये. समोरच्याला ते संशय घेतल्यासारखं वाटतं.

मग मेसेज येतो. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं असतं की अमुक दुकानात एकोणपन्नास हजारांच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे आणि तो कुणाला देऊ नका, बँक तो मागत नाही. यातले फक्त सहा आकडे वाचायचे. उरलेला मजकूर हा बसमधल्या ‘धूम्रपान करू नये’च्या पाटीसारखा, दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलेला असतो. आणि ‘पैसे तुमच्या खात्यात जमा करायचेत, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर लगेच टाकावा. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, हे कळायला २०१६ पासूनचा काळ फार थोडा आहे.

काही दिवस फोन आलाच नाही तर निराश होऊ नका, आपण चोराकडे जावं. बँकेचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधायचा आणि पहिला दिसेल तो फिरवायचा. कार्डाच्या मागे छापलेला नंबर फार बारीक असतो, डोळ्यांना ताण कशाला? रिझर्व्ह बँकेने बँकांना आपापल्या वेबसाइटी ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला लावल्या आहेत, पण पत्ता वाचून आत शिरणारा खातेदार अजून जन्माला यायचाय. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप) होऊन आलं तर ती उघडावी, विचारेल ती परवानगी द्यावी, मेसेज वाचायची तर आधी द्यावी. त्यानंतर ओटीपी सांगायचेही कष्ट उरत नाहीत. बँकेचं अ‍ॅप, ओटीपीचा मेसेज आणि ईमेल, सगळं एकाच फोनमध्ये असतं. खातरजमा दोन, ठिकाण एक. त्या फोनला कुलूप लावून चोराला दोन फेऱ्या मारायला लावणं बरं दिसत नाही.

सगळेच चोर असे परावलंबी असतात असं मात्र नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. थेट बँकेच्या यंत्रणेत शिरून देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकाही खातेदाराला ओटीपी विचारण्याचं सौजन्य कुणी दाखवलं नाही.

पैसे गेल्यावर घाई करू नये. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लगेच फिरवला तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम कधीकधी तिथेच अडकते, आणि केलेल्या कष्टांवर पाणी पडतं. आधी चहा घ्यावा. मेव्हण्याला फोन करावा, त्याच्या ओळखीचं बँकेत कुणीतरी असतं. घरात कळू द्यायचं की नाही यावर विचार करण्यात संध्याकाळ घालवावी. मग शनिवार येतो, तो दुसरा असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, असा व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर तुमच्यावर भुर्दंड नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे जितका उशीर, तितका बँकेच्या तोट्याला आळा. सोमवारी शाखेत गेल्यावर काउंटरपलीकडून “पण तुम्ही दिलाच का?” हा प्रश्न येईल. तो सगळ्या टेबलांवरून आलटूनपालटून येतो, प्रत्येक वेळी नव्याने उत्तर द्यावं.

शेवटी तुम्हाला सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायला सांगतील. तिथे मोबाइल नंबर टाकला की एक ओटीपी येतो. आता मात्र तुम्ही चांगले शहाणे झालेले असता. तो पोर्टललासुद्धा सांगायचा नाही.