जी उस्ताद

आज सकाळी पोलीस ठाण्यात जे पाहिले, ते लिहून काढल्याशिवाय मला झोप येणार नाही. भाडेकरूच्या नोंदणीचे कागद द्यायला गेलो होतो. माझ्यापुढे पासष्टीच्या एक बाई उभ्या होत्या. बसस्थानकावर त्यांच्या गळ्यातली पोत कोणीतरी हिसकावून नेली होती आणि मानेवर लालभडक वळ उठला होता. टेबलामागचा शिपाई जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा. "ती हद्द आमची नाही, तिकडे जा!" असे तो खेकसला आणि बाई दचकून मागे सरकल्या.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. भाच्याच्या पोलीस प्रशिक्षणाच्या दीक्षांत संचलनाला गेलो, तेव्हा मैदानावर कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या तोंडून तो ऐकला होता. नऊ महिन्यांचे प्रशिक्षण संपवून भाचा घरी आला, त्यानंतर कित्येक दिवस आईने जेवायला हाक मारली तरी तो ताडकन उभा राहून "जी उस्ताद" म्हणत असे. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते की, दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात असा, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. अशा गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने तर 2013 मध्येच ललिता कुमारी प्रकरणात बजावले होते. प्रशिक्षणातल्या आंतरवर्गात, म्हणजे वर्गात बसून शिकायच्या तासांना, हे सारे शिकवतात. भाच्याच्या वहीत कलमे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली मी पाहिली आहेत. पण पहाटेची पीटी, त्यावर कवायत आणि एखाद्याची चूक झाली की सगळ्या तुकडीला शिक्षेचा रगडा, एवढे झाल्यावर वर्गात डोळे उघडे राहत नसत, असे तोच सांगतो.

विसर्जनाच्या बंदोबस्तात चोवीस तास उभे राहायचे तर शरीर कणखर हवे, हे मान्य. पण नऊ महिने ज्याच्या अंगावर केवळ ओरडले गेले, तो पोरगा टेबलामागे बसल्यावर दुसरे काय करणार? त्याच्यावर आलेला माझा राग हे लिहिता लिहिताच ओसरला. कोणा शेतकऱ्याचा मुलगा असेल, भरतीतल्या 1600 मीटर धावण्यासाठी दोन-तीन वर्षे गावच्या रस्त्यावर अंधारात पळाला असेल. "जी उस्ताद" म्हणायला त्याला शिकवले, "बसा आजी, काय झाले?" असे विचारायला कोणी शिकवले नाही.

शेवटी आतून निवृत्तीला आलेले एक हवालदार बाहेर आले. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा पेला हातात दिला आणि मगच कागद पुढे घेतला. तो शिपाई तेवढा वेळ भिंतीशी सावधान स्थितीत उभा होता.