"बोनस मोठा तर कमिशन मोठं"? आधी हिशेबाचा तक्ता बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या पोरांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. ऑनलाइन कॅसिनोची लिंक टाका, कंपनी नव्या खेळाडूला शंभर टक्के बोनस देते, तो तिच्या खिशातून जातो. बोनस मोठा असला की लोक जास्त खेळतात, मग तुमचा ४० टक्के हिस्साही वाढतो, आणि तो आयुष्यभर मिळतो. कंपनी परदेशातली, त्यामुळे कायद्याची भीती नाही. यातलं एकेक वाक्य घेऊ.

"बोनस कंपनीच्या खिशातून जातो."

४० टक्के कशाचे, हे मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. सगळी गोम तिथे आहे. कारखान्याने उसाचा दर जाहीर केला की आपल्याकडचा शेतकरी पहिल्यांदा विचारतो, तोडणी-वाहतूक धरून की वजा करून? इथेही तोच प्रश्न विचारायचा. हा हिस्सा, म्हणजे रेव्हेन्यू शेअर, ढोबळ रकमेवर मिळत नाही. लागलेल्या पैजांतून जिंकलेली रक्कम वजा केली की ढोबळ उत्पन्न निघतं. त्यातून गेम बनवणाऱ्या कंपनीची फी, पैसे भरण्या-काढण्याचा खर्च, कर आणि बोनस एवढं कापलं जातं. उरलेल्या निव्वळ रकमेवर तुमचे ४० टक्के. म्हणजे बोनसचा भार तुमच्याही वाट्याला येतो, आणि हिस्सा ४० टक्क्यांचा असेल तर भारही ४० टक्क्यांचा.

"बोनस मोठा, तर हिस्सा मोठा."

उदाहरणासाठी आकडे मांडून बघू. तुमच्या लिंकवरून आलेल्या खेळाडूंनी महिन्यात २०,००,००० रुपयांच्या पैजा लावल्या. स्लॉट (चक्रं फिरवायचा कॅसिनोतला खेळ) पैजेचे सरासरी ९६ टक्के परत देतो असं धरलं, तर ढोबळ उत्पन्न ८०,०००. फी वगैरे ढोबळच्या २० टक्के, म्हणजे १६,०००. बोनस वाटला ५०,०००. उरले १४,००० आणि तुमचे झाले ५,६००. मजकूर वाचणारा मात्र ८०,००० चे ४० टक्के, म्हणजे ३२,००० मनात धरून बसलेला असतो.

आता बोनस निम्मा करा, २५,०००. खेळ कमी होणार, हे मान्य. पैजा १६,००,००० वर आल्या असं धरा. ढोबळ ६४,०००, फी १२,८००, बोनस २५,०००. उरतात २६,२०० आणि तुमचे १०,४८०. खेळ पाचव्या हिश्शाने घटला तरी कमिशन जवळपास दुप्पट झालं. उलट बाजूने बघितलं तर वाढीव २५,००० बोनस नुसता भरून निघायलाच ७,८१,२५० रुपयांच्या जादा पैजा लागतात. तेवढ्या लागल्या नाहीत की बोनस तुमचं कमिशन खातो.

बोनस कधी आणि कसा वजा होतो, हे करारात बघायचं असतं, आणि ते फार थोडे बघतात. एका खेळाडूने ५,००० भरले, ५,००० बोनस मिळाला आणि तो सगळे हरला. बोनसच्या पैजाही ढोबळमध्ये धरल्या असतील तर ढोबळ १०,०००, बोनस वजा ५,०००, निव्वळ ५,०००. हिशेब बरोबर. पण काही करारांत ढोबळमध्ये फक्त खऱ्या पैशाच्या पैजा धरतात आणि तरीही दिलेला बोनस पूर्ण कापतात. मग ढोबळ ५,०००, बोनस ५,०००, निव्वळ शून्य. खेळाडूचे खरे ५,००० गेले आणि तुमच्या तक्त्यात काहीच आलं नाही. बोनसची रक्कम दोनदा कापली गेली ती अशी.

खेळाडू जिंकून गेला तर आणखी वेगळं. त्याने बोनसची अट, म्हणजे बोनसच्या ठरावीक पट पैजा लावण्याची, पूर्ण करून १२,००० काढले, तर त्याच्या नावावर उणे ७,००० आणि तुमच्या हिश्शात उणे २,८००. करारात उणे बाकी पुढच्या महिन्यात ओढायची अट असेल तर आधी ती फिटते, मग कमिशन सुरू होतं. मोठ्या बोनसकडे नेमके असे हिशेबी खेळाडू येतात. अट पूर्ण करतात, पैसे काढतात, पुन्हा फिरकत नाहीत.

ती अटही बघा. ३५ पट म्हणजे ५,००० च्या बोनसवर १,७५,००० च्या पैजा लावल्याशिवाय पैसे निघत नाहीत. स्लॉट ९६ टक्के परत देतो, म्हणजे उरलेल्या चार टक्क्यांनी त्यात सरासरी ७,००० जातात. बोनस मिळाला ५,०००. तुमच्या शब्दावर पैसे भरणारा मावसभाऊ या गणितात पहिल्या दिवसापासून तोट्यात असतो. ब्रिटनच्या जुगार नियामकाने १९ जानेवारी २०२६ पासून ही अट जास्तीत जास्त दहापटीवर आणली, ती उगीच नाही.

एकाच वाय-फायवरून चार मित्रांनी खाती उघडली तर ती दुबार ठरवून चौघांवरचं तुमचं कमिशन रद्द करतात, हेही धरून चाला.

"आयुष्यभर."

करार कंपनीने लिहिलेला आणि तो बदलायचा हक्कही तिचाच. अमुक महिन्यांत नवे खेळाडू आले नाहीत तर टक्का खाली, अशी अट बऱ्याच करारांत असते.

"कंपनी परदेशी, भीती नाही."

हे सगळ्यात घातक वाक्य. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. बाहेरून चालवलेली आणि इथे उपलब्ध असलेली सेवाही त्यात येते. पैशाच्या खेळाच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता खेळणारा त्यात गुन्हेगार नाही, लिंक पसरवणारा सापडू शकतो. आपल्याकडचा ओसीचा, म्हणजे मटक्याचा, एजंट निदान स्वतःला एजंट समजतो, इन्स्टावर लिंक टाकणारा पोरगा तेही समजत नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "कर्नाटकात हायकोर्टाने बंदी उठवली." १४ फेब्रुवारी २०२२ चा तो निकाल राज्याच्या २०२१ च्या दुरुस्तीबद्दल होता आणि वाद कौशल्याच्या खेळांचा होता. स्लॉट आणि रूलेट नशिबाचे खेळ. शिवाय २०२५ चा कायदा पैशाच्या खेळात कौशल्य आणि नशीब असा भेदच करत नाही. दुसरं, "चोर्ला घाट उतरला की गोव्यात सगळं चालतं." गोव्यातली परवानगी तिथल्या परवानाधारक हॉटेलांना आणि मांडवीतल्या जहाजांना आहे. खानापुरातल्या मोबाईलवरच्या लिंकला ती लागू होत नाही.

लिंक आधीच टाकली असेल तर स्टेटस, हायलाइट, टेलिग्रामवरचे पिन केलेले मेसेज सगळं काढा. कमिशन अनोळखी खात्यांतून आलं असेल आणि बँकेने तुमचं खातं गोठवलं असेल, तर शाखेत लेखी अर्ज देऊन तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव मागा, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कुणालाही जबाब लिहून देऊ नका. ओळखीच्या कुणाचे पैसे फसवणुकीत गेले असतील तर त्याला त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि अडवता येत नाहीत.