एक ओ जास्त पडला म्हणून

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. ऑफिसच्या ग्रुपवर एका नव्या मुलीच्या मेलचा स्क्रीनशॉट फिरला. तिला लिहायचं होतं की हा क्लायंट आपण गमावायला नको, त्या 'लूझ'मध्ये एक ओ जास्त पडला आणि झालं 'लूस', म्हणजे सैल. बास, हसण्याच्या इमोजींचा नुसता पाऊस! अरे, ती मुलगी त्याच ग्रुपवर आहे.

आठवीत असताना माझी आजी गेली, तेव्हा मी रजेचा अर्ज लिहिला होता. प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एलच्या जागी एल-ई पडलं, म्हणजे मुख्याध्यापकांऐवजी 'तत्त्व'. सरांनी तो अर्ज अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला, स्पेलिंगसकट.

आता मला सांगा, 'चूझ' म्हणजे निवडणं, त्यात दोन ओ. 'लूझ'चा उच्चार अगदी तसाच, तर त्यात एकच. मग पोरीने दोन लिहिले तर तिचं काय चुकलं? इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना काढला, त्यानंतर उच्चार बदलत गेले आणि स्पेलिंग बरंचसं जुनंच राहिलं, त्याचा भुर्दंड आपण भरतोय. माझ्या अर्जातले ते दोन शब्द तर एकाच लॅटिन मुळातले, सख्खी भावंडं. स्टेशनरीचंही तेच, ए-वाली म्हणजे एका जागी थांबलेली, ई-वाली म्हणजे वह्या-पेनं, कारण फिरत्या विक्रेत्यांसारखं न हिंडता एका जागी दुकान मांडून बसायचा तो स्टेशनर. हे असं कुणी समजावलं असतं तर मी जन्मात विसरले नसते, पण समजावायचं कुणाला होतं, हसायचं होतं.

हो, औषधोपचारात 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त, त्यांची गल्लत झाली तर पेशंटच्या जिवावर बेतेल, तिथे चूक चालणार नाही, मान्य. पण या मेलचा अर्थ कुणाला कळला नव्हता? आणि हेच लोक ८ मार्चला 'महिला दीन' लिहितात, तेव्हा कुणी स्क्रीनशॉट काढत नाही.

तो अर्ज अजून आहे माझ्याकडे. एल-ईभोवती लाल गोल, इतका दाबून काढलेला की कागद मागून उमटलाय. त्याच्या खालच्याच ओळीत आजी गेल्याचं लिहिलंय. तिच्याबद्दल सरांनी एका शब्दाने विचारलं नाही.

संध्याकाळी त्या मुलीला मेसेज केला, की मनाला लावून घेऊ नकोस. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "ताई, यापुढे क्लायंटचे मेल तुम्ही लिहाल का?"